रोहिणीची भिंत

"तुझ्यामुळे रोहिणीला काय मिळतं, तेवढं सांग," हिरेमठ बाई म्हणाल्या.

हिरेमठ बाई आमच्या बास्केटबॉलच्या प्रशिक्षक आणि जयमाला आमची कॅप्टन होती. ती आधी हसली, कारण तिला वाटलं बाई गंमत करताहेत. मग तिच्या लक्षात आलं की बाई कधीच गंमत करत नाहीत.

"बाई, मी शाळेपासून खेळतेय. दोन्ही हातांनी बास्केट टाकते."

"ते मी विचारलं नाही."

सकाळची वेळ होती. सरावानंतर आम्हाला कोर्टाच्या कडेला ओळीनं उभं केलं होतं. शाळेच्या मागचं ते सिमेंटचं कोर्ट. भिंतीपलीकडच्या घरांत यंत्रमाग सुरू झालेले, त्यांच्या खडखडाटात बाईंचा आवाज ऐकायला कान द्यावा लागे. बाई ओरडत नसत. त्यांची शिट्टीसुद्धा गळ्यात नुसती लोंबत असे.

आदल्याच आठवड्यात आम्ही राज्य स्पर्धेत उपांत्य सामना हरून सोलापूरला परतलो होतो. संघाचे निम्म्याहून जास्त गुण एकट्या रोहिणी गड्डमचे होते, आणि तरी आम्ही हरलो होतो.

"आपल्याकडे खेळाडू दोनच आहेत," बाई म्हणाल्या. "नसीम बॉल आणते आणि रोहिणी बास्केट टाकते. बाकीच्या तुम्ही पण स्वतःला खेळाडू समजता, म्हणून आपण हरलो. मला आणखी खेळाडू नकोत. रोहिणीला मोकळी जागा करून देणाऱ्या पाहिजेत. जयमाला, तू बॉल हातात आला की आधी स्वतःची बास्केट बघतेस. तू उद्यापासून येऊ नकोस. बूट ठेवून जा."

बूट आमच्या क्रीडा मंडळाचे होते. जयमालानं खाली बसून नाड्या सोडल्या. गाठ बसली होती, तिला वेळ लागला. मग ती अनवाणीच फाटकातून बाहेर गेली. रोहिणी बोटावर बॉल फिरवत उभी होती.

माझ्यापुढे आल्यावर बाईंनी तेच विचारलं.

"मी तिच्यासाठी भिंत बनते, बाई," मी म्हणाले.

"बनतेस?"

"बनते."

"मग थांब."

त्या सकाळी बाईंनी चौघींना घरी पाठवलं. मी राहिले. घरी जाताना मला पायाखाली जमीन लागत नव्हती, इतका आनंद झाला होता. रोहिणी आणि मी एकाच गल्लीतल्या. दोघींचे वडील मागावर, दोघींच्या आया दारात बसून विड्या वळायच्या. पाचवीत असताना पहिल्यांदा बॉल हातात घेतला तोही एकत्रच.

"जयमालाचं वाईट झालं," मी म्हणाले.

"ती बॉल धरून ठेवायची," रोहिणी म्हणाली. एवढंच.

भिंत म्हणजे काय ते सांगायला हवं. रोहिणीला अडवणारी मुलगी तिच्यामागे धावत असते. मी त्या मुलीच्या वाटेत जाऊन पाय रोवून उभी राहायची. ती माझ्यावर येऊन आदळायची आणि तेवढ्या क्षणात रोहिणी मोकळी व्हायची. मग बॉल तिच्या हातात आणि बास्केट आमची. आदळणाऱ्या मुलींची कोपरं कुठं लागतात ते बघणाऱ्यांना दिसत नाही. माझ्या बरगड्या सतत दुखत असत. पण रोहिणी कुठं वळणार हे मला तिच्या खांद्यावरून कळायचं, ती वळायच्या आधी. ते दुसऱ्या कुणालाच जमत नव्हतं. मला वाटायचं, हेच माझं बक्षीस.

पावसाळा संपता संपता बाईंनी सिंधूला आणलं.

ती फाटकातून आत आली तेव्हा सगळ्या जणी खेळायच्या थांबल्या. इतकी उंच मुलगी आम्ही पाहिली नव्हती. सांगोल्याकडच्या कुठल्याशा वाडीवरची, धनगराची पोर. तालुक्याच्या स्पर्धेत उंच उडी मारताना बाईंनी तिला पाहिलं होतं. अंगात भावाचा सदरा होता आणि ती खांदे पाडून, मान खाली घालून चालत होती. उंची लपवायची सवयच लागली होती तिला.

"ही सिंधू खरात," बाई म्हणाल्या. "कुमुदिनी, ही तुझ्याकडे राहील. तुला येतं ते सगळं हिला शिकवायचं."

"माझ्या घरी, बाई?"

"का, जागा नाही?"

जागा खरंच नव्हती. पण मी मान डोलावली. अम्मानं तिला दारात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हिला आडवी कशी करायची? पाय गल्लीत जातील." मग तिनं माझं अंथरूण भिंतीकडून कोपऱ्याकडं तिरपं केलं आणि सिंधूसाठी जागा काढली. भाकरी तीन लागतात की चार, हे मात्र तिनं पहिल्या दिवशी विचारून घेतलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

सिंधूला काहीच येत नव्हतं. बॉल टप्पा खाऊन वर आला की ती दचकायची. पण तिची खरी अडचण वेगळी होती. तिचा कुणाला धक्का लागला की ती खेळ थांबवून त्या मुलीला हात लावून नमस्कार करायची.

"असं नाही करायचं," मी सांगितलं. "इथं लागतंच."

"पर त्यांना लागलं की, आक्का."

"लागू दे. त्यांना लागावं म्हणूनच तू उभी आहेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं नव्हतं. म्हणून मग मी तिला उभी केली आणि लांबून धावत येऊन तिच्यावर आदळले. ती पडली. मी तिला उठवलं आणि पुन्हा आदळले. रोज सकाळी मी हेच करत होते. तिच्या बरगड्या निळ्या झाल्या. संध्याकाळी अम्मा तिला हळदीचा लेप लावायची आणि मला शिव्या द्यायची. एका सकाळी मी जोरात धावत आले आणि मीच मागे उडून पडले. सिंधू जागची हललेली नव्हती. नमस्कार करायला तिचा हात पुढे आला, पण तिनं तो मागे घेतला.

"जमलं का, आक्का?"

"जमलं."

"आन् मग? रोहिणी आक्का पुढं गेल्या की म्या काय करू?"

"काही नाही. तिथंच राहायचं."

"नुसतं हुबं?"

"भिंत कुठं जाते का? बाईंचा नियम आहे. भिंतीनं बास्केटकडे बघायचं नाही."

हा नियम मी स्वतः कितीतरी वर्षं पाळला होता. त्यात विचारण्यासारखं काही असतं हे मला सुचलंही नव्हतं.

रोहिणीचा खांदा कसा वाचायचा, नसीमनं भुवई उडवली की कोणत्या बाजूला जायचं, पंच कुठं उभे असले की कोपर चालतं, हे सगळं मी सिंधूला दिलं. ती सावकाश शिकायची, पण एकदा शिकली की विसरत नसे. सरावाहून परत येताना ती घरचं सांगायची. "आमच्या दारातनं मला वाकून जावं लागतं. तर आई म्हणती, आनखी वाक. कोन करून घेनार तुला?" तिच्यापेक्षा वयानं बराच मोठा एक जण तिला बघून गेला होता. त्याची पहिली बायको गेली होती. बाईंनी तिच्या बापाला सांगितलं होतं, संक्रांतीपर्यंत थांबा. पुढची राज्य स्पर्धा सोलापुरातच आहे, रेल्वेचे लोक मुली निवडायला येणार आहेत. संघ जिंकला आणि हिची निवड झाली तर नोकरी लागेल. नाही झाली तर घेऊन जा.

मलाही तीच नोकरी हवी होती. रोहिणीलाही. आमच्या गल्लीत मुलीनं दुसरीकडे जायचं म्हणजे लग्न करूनच जायचं. रेल्वेची नोकरी ही दुसरी वाट होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याचा एक संघ सरावासाठी सामना खेळायला आला. बाईंनी मला बाकावर बसवलं आणि सिंधूला आत घेतलं. ती गोंधळली की माझ्याकडे बघायची. मी डावीकडे बोट केलं की डावीकडे जायची, मूठ वळली की पाय रोवायची. आम्ही आरामात जिंकलो. सामना संपल्यावर ती धावत माझ्याकडे आली आणि मी तिच्या पाठीवर थोपटलं, हात पोचेल तिथपर्यंत. बाई लांबून आमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या खूश झाल्या असतील.

दोन दिवसांनी त्यांनी बारा नावं वाचली. माझं नाव नव्हतं.

मी वाट पाहिली. मुली पांगल्या. मग मी त्यांच्याजवळ गेले. "बाई, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही."

"मी बाकावर बसेन, बाई. पाच जणींत नका घेऊ. नुसत्या बारांत..."

"तू बाकावर बसलीस की ती तुझ्याकडे बघते. तिनं रोहिणीकडे बघायला पाहिजे." त्या अगदी शांतपणे, गणित समजावल्यासारखं बोलत होत्या. "तुझ्याजवळ होतं ते सगळं तू तिला दिलंस. चांगलं दिलंस. शिवाय तिची उंची सहा इंच जास्त आहे. आता तुझी वेगळी गरज नाही."

मी फाटकाकडे वळले.

"स्पर्धा होईपर्यंत ती तुझ्याचकडे राहील," बाई म्हणाल्या. "तिचं खाणंपिणं बिघडू देऊ नकोस."

त्या दिवशी सिंधू जेवली नाही. ताटावर बसली आणि म्हणाली, "आक्का, म्या न्हाई खेळत."

"मग गावाला जा. तो माणूस वाट बघतोय."

ती रडायला लागली. अम्मा माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं सिंधूच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, वर चटणी घातली आणि म्हणाली, "खा. हिच्यासाठी खा." मी उठून बाहेर जाऊन बसले. रोहिणीच्या घराचं दार समोरच दिसत होतं. ती बाहेर आली नाही. मला वाटलं, तिला माझ्यासमोर यायला जड जात असेल.

जानेवारीत स्पर्धा सुरू झाली. मी मैदानाकडे फिरकले नाही. सिंधू रोज परत येऊन सांगायची आणि तिच्या सांगण्यावरूनच मला कळत होतं की तिचं काही खरं नाही. बाकाकडे बघायचं नाही म्हणून बाईंनी तिला दम दिला होता. रोहिणीकडे बघ म्हणाल्या होत्या. पण रोहिणी धावायच्या नादात, तिला भिंतीकडे बघायची गरज कधी पडलीच नव्हती. सिंधू कुणाकडेच न बघता मधोमध खांबासारखी उभी राहायची. उपांत्य सामना आम्ही कसाबसा जिंकलो. तिला दुसऱ्या डावात बाहेर बसवावं लागलं होतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी रोहिणी आमच्या घरी आली. त्या दिवसाआधी महिनाभर ती माझ्याशी बोलली नव्हती. सिंधू अजून सरावाला थांबली होती. मी अम्मासोबत विड्या वळत बसले होते.

"काय करूलालीस?" तिनं विचारलं. जसं काही झालंच नव्हतं.

"दिसूलालंय की."

ती उंबऱ्यावर टेकली. "दुपारी सामन्याला ये. बाकाच्या मागं, पहिल्या पायरीवर बस. सिंधूला दिसशील अशी."

"बाईंनी पाठवलं का?"

"बाईंना मीच म्हणाले. तू दिसलीस की ती नीट खेळेल."

"मी दिसायला नको म्हणूनच मला काढलं ना?"

"चुकलं ते," रोहिणी म्हणाली.

अम्माचे हात थांबले. मी तंबाखूची चिमूट पानात टाकून ठेवली. रोहिणी 'चुकलं' म्हणाली होती. बाईंचं चुकलं, असं ती म्हणाली नव्हती.

"रोहिणी, मला काढायचं कुणी ठरवलं?"

ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण तिनं लगेच सांगितलं. "बाई तुला बारांत घेणार होत्या. मी नको म्हणाले. संघानं एकीकडंच बघायला पाहिजे, कुमू. निम्म्या जणी तुझ्याकडं बघत होत्या. तुला ते कळत पण नव्हतं."

"आणि हिला माझ्या घरी ठेवायचं?"

"ते पण मीच सुचवलं. दुसरी कुणी असती तर हातचं राखून शिकवलं असतं, अर्धं स्वतःजवळ ठेवून. तू सगळं शिकवणार, हे मला माहीत होतं." ती हे माझं कौतुक केल्यासारखं म्हणाली. मला वाटतं, तिच्या मनात ते कौतुकच होतं. "तू चांगली आहेस. पण तू उडी मारत नाहीस आणि ती मारते. मला इथून जायचंय, कुमू. तुझ्याबरोबर आपण उपांत्य सामन्यापर्यंतच गेलो असतो."

अम्मा तेलुगूत काहीतरी बोलली. रोहिणीला तेलुगू माझ्याइतकंच येत होतं, तिचेही आईबाप तीच भाषा बोलायचे. तिचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही. माझ्या उत्तराची वाट बघत बसली.

"येते," मी म्हणाले.

दुपारी मैदान भरलं होतं. मी बाकाच्या मागच्या पहिल्या पायरीवर बसले. सिंधूनं मला पाहिलं आणि तिचे खांदे सरळ झाले. बाईंनी मागे वळून एकदा पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. पलीकडच्या कडेला टेबलामागे रेल्वेचे दोघे बसले होते, एक बाई आणि एक पुरुष.

समोरचा संघ मुंबईचा. त्यांनी रोहिणीचा अभ्यास केला होता. तिच्यावर त्यांनी एक नाही, दोन मुली लावल्या. सिंधू चोख काम करत होती. मी बोट करेन तिथं जायची, पाय रोवायची, एक मुलगी तिच्यावर आदळून मागे पडायची. पण दुसरी सुटायची आणि रोहिणीला चिकटायची. रोहिणी तरी टाकत राहिली. बॉल कड्यावर आपटून बाहेर येत होता. मध्यंतराला आम्ही मागे होतो आणि रोहिणीला बास्केट जवळजवळ मिळालीच नव्हती.

मध्यंतरात बाई तिच्याशी बोलत होत्या. "टाकत राहा. तू टाकल्याशिवाय होणार नाही."

मी कोर्टाकडे बघत बसले होते. इतकी वर्षं मी त्याच जागी उभी राहिले होते, म्हणून मला ते दिसलं. दोघी जणी रोहिणीवर. म्हणजे भिंतीवर कुणीच नाही. सिंधूचं काम झालं की तिच्याजवळ एकही मुलगी उरत नव्हती, तिच्या आणि बास्केटच्या मध्ये मोकळी जमीन होती. कोणी तिच्याकडे बघतच नव्हतं. भिंतीकडे कोण बघतं?

दुसरा डाव सुरू झाला. सिंधूनं एकीला अडवलं, रोहिणी दुसरीला घेऊन कोपऱ्याकडे गेली. सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून फिरवला आणि बास्केटकडे दाखवला. वळ. जा.

तिला कळलं नाही. ती उभीच राहिली. भिंतीनं जायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं.

पुढच्या वेळी मी पुन्हा हात फिरवला. तिनं मान हलवली, नाही म्हणून. तिसऱ्या वेळी मी पायरीवरून उठले, उभी राहिले आणि पुन्हा तेच केलं. ती वळली. चार ढांगांत ती बास्केटखाली पोचली. नसीमनं तिला पाहिलं आणि क्षणभर थबकली. तिच्या हातातला बॉल आजवर रोहिणीलाच गेला होता. मग तिनं तो वर फेकला. सिंधूनं उडी मारली. मी बाकी काही बघितलं असेल-नसेल, ती उडी मला दिसते. कमरेत वाकून जगणारी ती पोर कड्यापर्यंत सरळ झाली आणि बॉल हातानं आत ठेवून खाली आली.

त्यानंतर ते पुन्हा पुन्हा झालं. मुंबईच्या मुलींना कळेपर्यंत आम्ही पुढे गेलो होतो. रोहिणी कोपऱ्यातून हात वर करून बॉल मागत होती. "नसीम, इकडं. नसीम." नसीम तिच्याकडे बघत नव्हती. एकदा सिंधूनं खाली उतरल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि तिची नजर कुठं गेली ते रोहिणीनं पाहिलं. ती धावायची थांबली. कमरेवर हात ठेवून कोर्टाच्या मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. खेळ तिच्या शेजारून पुढे निघून गेला.

बाई हे थांबवू शकल्या असत्या. एक शब्द बोलल्या असत्या तरी सिंधू पुन्हा उभी राहिली असती. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी राखीव मुलीला उठायची खूण केली आणि रोहिणीला बाहेर बोलावलं.

रोहिणी बाकावर बसून राहिली. तिची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती वळली नाही. आम्ही जिंकलो तेव्हाही ती बसलेली होती.

रेल्वेच्या बाईंनी सिंधूला बोलावलं, तिला सरळ उभं राहायला सांगितलं आणि खालपासून वरपर्यंत बघून हसल्या. मग नसीमला बोलावलं. रोहिणी टॉवेल गळ्यात घालून जवळपास रेंगाळत होती. टेबलावरचे कागद गोळा झाले, ते दोघे गाडीत बसले, गाडी गेली. तिला कुणी बोलावलं नाही.

मैदान रिकामं व्हायला लागल्यावर ती माझ्याकडे आली.

"तू मुद्दाम केलंस."

"तू म्हणालीस, समोर बस. मी बसले."

"तू मला संपवलंस, कुमू."

"दोघी जणी तुझ्यावर होत्या. सिंधू मोकळी होती."

रोहिणीनं टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ टॉवेल तोंडावर तसाच धरला. मग ती म्हणाली, "मला पण दिसत होतं ते. पहिल्या डावापासून."

मला ती रडेल असं वाटत होतं, पण रडली नाही. आम्ही एकाच गल्लीत राहायचो तरी त्या दिवशी ती मला पुढे जाऊ देऊन मागे थांबली, आणि नंतर कायम तसंच करत राहिली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, सुरतेला, मागवाल्याच्याच घरी. मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

सिंधूनं माझ्या पाया पडून सोलापूर सोडलं. अम्मानं तिला शिदोरी बांधून दिली आणि ती गल्लीच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिली. सिंधू पुढं बरीच वर्षं रेल्वेकडून खेळली. मोठी खेळाडू झाली. सुरुवातीला तिची पत्रं यायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हिरेमठ बाई आमच्या घरी आल्या. त्या कधी कुणाच्या घरी जात नसत. अम्मानं त्यांना बसा म्हटलं नाही, त्याही बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"बार्शीला शाळांच्या स्पर्धा आहेत," त्या म्हणाल्या. "नवीन मुली बघायला जायचंय. चल."

"खेळायला, बाई?"

"नाही. निवडायला." मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तू मऊ आहेस. रोहिणीनंही तसंच सांगितलं होतं. त्या दिवशी मी तुझा हात बघितला."

अम्मा म्हणाली, "ती येणार नाही." मी पायात चपला घातल्या.

बार्शीच्या त्या शाळेच्या मैदानावर दोन मुली आमच्यापुढे आणून उभ्या केल्या. सातवी-आठवीतल्या असतील. एक काटक, लांब हातांची, नजर चपळ. दुसरी जाडसर, घामानं चिंब, सामनाभर पहिलीच्या मागेपुढे धावून दमलेली. दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता एक पाऊल मागे सरकल्या.

"तुमच्यात चांगलं कोण खेळतं?" मी विचारलं.

"दोघी," लांब हातांची म्हणाली. "आम्ही दोघी येणार. ही नसेल तर मी पण येणार नाही."

जाडसर मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, ठरलं.

"तिचा हात सोड," मी त्या जाडसर मुलीला म्हणाले, "आणि तू पुढे ये."